मांडीवर दोन बाळं, नाव मात्र नाही

रोममध्ये टायबर नदीच्या काठावर काचेच्या उंच भिंतींचं एक संग्रहालय आहे. त्यातली मुख्य वस्तू एकच. चारही बाजूंनी संगमरवरी भिंत, आत पायऱ्या आणि पायऱ्यांवर बळी देण्याची वेदी. तिचं नाव आरा पाचिस, म्हणजे शांतीची वेदी. सम्राट ऑगस्टसच्या सन्मानार्थ रोमच्या सिनेटनं ती बांधायचं ठरवलं ते इ.स.पू. १३ मध्ये, आणि तिचं विधिवत लोकार्पण झालं इ.स.पू. ९ मध्ये. बाहेरच्या भिंतीवर सगळीकडे कोरीवकाम आहे. त्यातला पूर्वेकडच्या दाराच्या डाव्या बाजूचा फलक हा या लेखाचा विषय.

त्यावर एक देवी बसली आहे. ती कोण, यावर गेली शंभरहून अधिक वर्षं अभ्यासक भांडताहेत. भूदेवी टेलुस, इटली देश, प्रेमाची देवी व्हीनस, धान्याची देवी सेरेस आणि खुद्द शांती, अशी निदान पाच नावं पुढे आली आहेत. प्रत्येक नावामागे बरा पुरावा आहे आणि प्रत्येक नावाला काहीतरी आडवं येतं. माझ्या मते या वादाचा निकाल लागण्यापेक्षा तो उद्भवतो कशामुळे हे पाहण्यात जास्त मजा आहे, कारण त्यातून रोमन राज्यकर्ते चित्रांकडून कोणतं काम करून घेत होते ते कळतं.

आधी फलक नीट पाहून घेऊ. मधोमध खडकावर भरल्या अंगाची, शांत चेहऱ्याची स्त्री बसली आहे. डोक्यावरून पदरासारखं वस्त्र घेतलंय आणि त्याच्या कडेला पानाफळांचा मुकुट दिसतो. अंगावरचं वस्त्र इतकं तलम की खालच्या शरीराची घडण कळते, आणि एका खांद्यावरून ते घसरलंय. दोन्ही हातांत दोन गुटगुटीत बाळं आहेत. त्यातलं एक तिच्या छातीकडे झेपावतंय. मांडीवर फळं आहेत. पायांशी एक गाय निवांत बसली आहे आणि शेजारी मेंढी आहे. मागे गव्हाच्या लोंब्या आणि खसखशीची बोंडं उगवली आहेत.

दोन बाजूंना आणखी दोन स्त्रिया आहेत. दोघी कमरेपर्यंत उघड्या, आणि दोघींच्या डोक्यावर वस्त्र वाऱ्यानं फुगून कमानीसारखं झालेलं. डावीकडची राजहंसावर बसली आहे. तिच्या खाली लव्हाळी आहेत आणि एका कलंडलेल्या घागरीतून पाणी वाहतंय, म्हणजे ही गोड्या पाण्याची, नदी-ओढ्यांची जागा. उजवीकडची बसली आहे एका समुद्री राक्षसी प्राण्यावर, आणि खाली लाटा आहेत. प्लिनी या रोमन लेखकानं रोममधल्या कलाकृतींची यादी देताना अशाच दोन पुतळ्यांचा उल्लेख केला आहे. स्वतःच्या वस्त्राचं शीड करणाऱ्या ‘आउरे’, म्हणजे वाऱ्याच्या झुळुका, असं तो त्यांना म्हणतो. त्यामुळे या दोघी वाऱ्याच्या देवता असाव्यात, एक जमिनीवरची आणि एक समुद्रावरची, यावर बऱ्याच जणांचं एकमत आहे.

हे उठावशिल्प आहे. दगडाची सपाट पाटी घ्यायची आणि भोवतालचा दगड काढून टाकत आकृती वर आणायची, पण मागून पूर्ण सुटी करायची नाही. किती खोल खोदायचं हे शिल्पकाराच्या हातात असतं आणि खरं कौशल्य तिथेच. या फलकात देवी, बाळं आणि जनावरं ठसठशीत पुढे आली आहेत, तर मागची कणसं आणि लव्हाळी जेमतेम उठलेली आहेत. त्यामुळे काही बोटांच्या जाडीत हवा, अंतर आणि मोकळं रान असल्याचा भास होतो. दगड इटलीतल्याच लुना इथला, म्हणजे आजच्या काराराच्या खाणींमधला. शिल्पकारांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत. अंगाला चिकटलेलं तलम वस्त्र कोरण्याची रीत मात्र स्पष्टपणे ग्रीकांची आहे, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समधून आलेली.

आता ही वेदी बांधायची वेळ का आली ते पाहू. ऑगस्टसच्या आधीची कितीतरी वर्षं रोमन लोक एकमेकांशीच लढत होते. ज्युलियस सीझरचा खून झाला, मग त्याच्या वारसांत आणि मारेकऱ्यांत युद्ध, मग वारसांचं आपसात. या लढायांतल्या सैनिकांना बक्षीस म्हणून द्यायला जमिनी हव्या होत्या, त्या इटलीतल्याच शेतकऱ्यांकडून हिसकावून घेतल्या गेल्या. इ.स.पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमच्या लढाईत मार्क अँटनी आणि क्लिओपात्रा हरले आणि ऑगस्टसला प्रतिस्पर्धी उरला नाही. पुढे तो स्पेन आणि गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, या प्रांतांत गेला आणि तिथली घडी बसवून इ.स.पू. १३ मध्ये परतला. तेव्हा सिनेटनं ठराव केला की ‘ऑगस्टसच्या शांती’ची वेदी उभारावी आणि अधिकारी, पुरोहित व व्हेस्टा देवीच्या कुमारिकांनी तिथे दरवर्षी बळी द्यावा. हे आपल्याला खुद्द ऑगस्टसनंच सांगितलंय. मरण्याआधी त्यानं आपल्या कर्तृत्वाचा जो लेखाजोखा लिहून ठेवला, त्यात या ठरावाची नोंद आहे.

लोकार्पणाचा दिवस निवडला ३० जानेवारी. ऑगस्टसची बायको लिव्हिया हिचा हा वाढदिवस. असल्या गोष्टी रोममध्ये योगायोगानं घडत नसत.

वेदीची जागाही विचारपूर्वक निवडलेली. शहराच्या उत्तरेला मार्स या युद्धदेवाच्या नावाचं मोठं मैदान होतं, सैन्य जिथे कवायती करायचं ते. त्याच्या कडेनं फ्लामिनिया नावाचा हमरस्ता उत्तरेकडे जायचा. वेदी त्या रस्त्याच्या पश्चिमेला होती. म्हणजे रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची पूर्वेकडची बाजू दिसायची. डावीकडे आपली ही देवी, आणि उजवीकडे दुसऱ्या फलकावर शस्त्रांच्या ढिगावर बसलेली रोमा, म्हणजे रोम शहराची देवी. रोमाच्या फलकाचे फार थोडे तुकडे हाती लागले आहेत, त्यामुळे संग्रहालयात तो बहुतांशी रेषांनी पुरा केलेला दिसतो. पण तिचं शस्त्रांवर बसणं विसरू नका, त्याकडे परत यायचं आहे.

पश्चिमेच्या बाजूला आणखी दोन फलक. उजवीकडे एक दाढीवाला पुरुष डुकरिणीचा बळी देतोय. तो ट्रॉयहून आलेला रोमनांचा मूळपुरुष एनियास, असं परंपरेनं मानलं जातं, अलीकडे काहींनी त्यावरही शंका घेतली आहे. डावीकडे मार्स देव आणि लांडगिणीपाशी सापडलेले रोम्युलस-रीमस, म्हणजे रोमच्या स्थापनेच्या कथेतले जुळे भाऊ, पण तो फलकही तुकड्यांतच उरला आहे. दक्षिण-उत्तरेच्या लांब भिंतींवर मिरवणुका आहेत. त्यांत ऑगस्टस, त्याचा जावई आग्रिप्पा, पुरोहित, घरातल्या बायका आणि मोठ्यांची वस्त्रं ओढणारी मुलं. रोमन राज्याच्या अधिकृत शिल्पात इतकी लहान मुलं पूर्वी दिसत नव्हती. यामागे धोरण होतं. इ.स.पू. १८ मध्ये ऑगस्टसनं वरच्या वर्गानं लग्नं करावीत, मुलं जन्माला घालावीत यासाठी कायदे आणले होते. न करणाऱ्यांच्या वारसाहक्कावर त्यात बंधनं होती. देवीच्या हातातली गुटगुटीत बाळं पाहताना हे कायदेही डोळ्यांसमोर ठेवावेत.

आता नावाचा वाद.

टेलुस ही रोमनांची जुनी भूदेवी. रोममध्ये तिचं देऊळ बांधायचा नवस इ.स.पू. २६८ मध्ये बोलला गेला, लढाई चालू असताना धरणीकंप झाला म्हणून. दर एप्रिलमध्ये तिला गाभण गाय बळी द्यायचे. म्हणून फलकावरची गाय, कणसं, फळं आणि बाळं तिला शोभतात. तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र एका गाण्यात आहे. इ.स.पू. १७ मध्ये ऑगस्टसनं नव्या युगाचा मोठा उत्सव केला आणि त्यासाठी होरेस कवीकडून स्तोत्र लिहून घेतलं. ते २७ मुलगे आणि २७ मुली यांनी गायलं. त्यातल्या एका कडव्याचा आशय असा, की पिकांनी आणि गुराढोरांनी भरलेली टेलुस सेरेसला कणसांचा मुकुट देवो, आणि निर्मळ पाणी व ज्युपिटरचे वारे नव्या जिवांना पोसोत. भूमी, पीक, गुरं, पाणी, वारा. शिल्पकारासमोर हे कडवं होतंच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण फलक बनला त्याच्या काही वर्षं आधीच या प्रतिमा एकत्र गुंफल्या गेल्या होत्या आणि शहरानं त्या कानांनी ऐकल्या होत्या.

मग इटली कशाला? कारण दाराच्या दुसऱ्या बाजूला रोमा आहे. रोम शहर आणि इटली देश ही जोडी जमते. जमीन हिसकावलेल्या, युद्धानं पोळलेल्या इटलीला आता बरे दिवस आले, असा संदेश त्यातून जातो. यावर आक्षेप असा की नंतरच्या नाण्यांवर इटलीच्या डोक्यावर तटबंदीच्या बुरुजांचा मुकुट असतो, तो इथे नाही. पण भूदेवी आणि इटली यांना वेगळं करणं रोमनांनाही तितकंसं महत्त्वाचं वाटत नसावं. टेलुसच्या त्याच देवळाच्या भिंतीवर इटलीचं चित्र रंगवलेलं होतं, असं व्हारो नावाच्या लेखकानं लिहून ठेवलंय.

व्हीनसचा दावा वेगळ्या वाटेनं येतो. खांद्यावरून घसरलेलं वस्त्र, तलम कापडातून दिसणारं अंग, हे शांत आईपेक्षा प्रेमदेवतेला साजेसं आहे. राजहंसही तिचा. शिवाय व्हीनस ही एनियासची आई, आणि ऑगस्टसचं घराणं स्वतःला एनियासचं वंशज म्हणवायचं. वेदीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेच्या कडेला पश्चिमेकडे एनियास, मधल्या लांब भिंतीवर मिरवणुकीत ऑगस्टस आणि पूर्वेकडे ही देवी. उत्तरेच्या कडेला मार्स आणि रोमा. एका बाजूला ऑगस्टसचं कुळ आणि दुसऱ्या बाजूला युद्ध, अशी मांडणी वाचली की व्हीनस एकदम चपखल बसते. व्यक्तिशः मला हा युक्तिवाद सगळ्यात हुशार वाटतो, पण तो वेदीच्या आराखड्यावर जास्त उभा आहे आणि देवीच्या पायांशी बसलेल्या गायीला त्यात फारसं काम नाही.

सेरेसच्या बाजूनं कणसं आणि खसखस आहेत, दोन्ही तिच्याच खुणा. हे मत १९९४ मध्ये नव्यानं जोरात मांडलं गेलं. आणि शांतीचं म्हणाल तर वेदीच तिची आहे, मग तिच्याच वेदीवर ती कुठेच नसावी? ग्रीक शिल्पकार केफिसोडोटसनं अथेन्ससाठी शांतीचा जो पुतळा केला होता त्यात तिच्या कडेवर बाळ होतं, आणि ते बाळ म्हणजे संपत्ती. शांतता नांदली की सुबत्ता वाढते, असा त्याचा अर्थ. रोमन शिल्पकारांना तो पुतळा नक्कीच माहीत होता, त्याच्या रोमन प्रती आजही आहेत.

आपल्याला देवता ओळखायची सवय आहे ती आयुधांवरून आणि वाहनावरून. कमळावर बसलेली, दोन हत्ती पाणी घालताहेत, म्हणजे गजलक्ष्मी. रेड्याच्या अंगावर पाय, म्हणजे महिषासुरमर्दिनी. रोमन मूर्तींचंही बहुतेक असंच असतं. शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा, धनुष्य घेतलेली डायना, कुणीही सांगेल. गंमत म्हणजे या फलकावर खुणा कमी नाहीत, उलट गरजेपेक्षा जास्त आहेत. प्रत्येक खूण वेगळ्या देवीच्या घराकडे बोट दाखवते. (असा पेच आपल्याकडच्या मूर्तींचाही होतो. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक छोटी भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, तशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. तिला बरीच वर्षं लक्ष्मी म्हणत आले. आता अनेक अभ्यासक यक्षी म्हणतात.)

अलीकडे बऱ्याच जणांचा कल असा आहे की हा गोंधळ मुद्दाम ठेवलेला असावा. एका नावाची पाटी लावली की पाहणारा ती वाचून पुढे जातो. नाव उघडं ठेवलं की शेतकऱ्याला त्यात भूदेवी दिसेल, इतिहास जाणणाऱ्याला ऑगस्टसच्या घराण्याची आई दिसेल, आणि सगळ्यांना एवढं तर कळेल की आता दिवस बरे आहेत. हे मला पटतं, पण अर्धंच. ‘सगळ्याच देवी एकदम’ हे उत्तर आधुनिक अभ्यासकांना फार सोयीचं आहे. त्यात कुणालाच हरावं लागत नाही. देवीचा गाभा टेलुसचाच आहे आणि बाकीच्या देवींचे गुण तिच्या अंगावर चढवले आहेत, असं मला वाटतं. कारण हीच मांडणी ऑगस्टसच्या काळात इतरत्रही सापडते. व्हॅटिकनमध्ये ऑगस्टसचा चिलखत घातलेला प्रसिद्ध पुतळा आहे, प्रीमा पोर्ता इथे लिव्हियाच्या बंगल्यात सापडलेला. त्या चिलखताच्या तळाशी एक स्त्री रेललेली आहे. तिच्याजवळ फळाफुलांनी भरलेलं शिंग आहे आणि दोन बाळं आहेत. वर आकाश आणि सूर्य, तळाशी ती. तिथे भूमीशिवाय दुसरं कोण असणार?

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला सापडलेला आणि आता पॅरिसच्या लूव्हरमध्ये असलेला फलक तर याची भावंडासारखी प्रत आहे. मधली देवी, बाळं, गाय, मेंढी जवळपास तशीच. बाजूच्या दोघी मात्र गायब. त्यांच्या जागी एकीकडे मशाल घेतलेली स्त्री आणि दुसरीकडे समुद्रातला देव. म्हणजे मधला नमुना साम्राज्यात फिरत होता आणि ठिकाणाप्रमाणे त्याच्या कडा बदलल्या जात होत्या. रोममध्ये कडेला जमीन आणि समुद्र यांचे वारे आहेत, याला कारण असावं. आपल्या लेखाजोख्यात ऑगस्टस अभिमानानं सांगतो की आपल्या काळात जॅनस या देवाच्या देवळाचे दरवाजे तीन वेळा बंद करावेत असं सिनेटनं ठरवलं. हे दरवाजे युद्ध नसेल तेव्हाच बंद व्हायचे. ते केव्हा बंद करायचे याची जुनी व्याख्या तो देतो, जमिनीवर आणि समुद्रावर विजय मिळवून शांती आणली गेली असेल तेव्हा. जमीन आणि समुद्र ही सरकारी भाषेतली ठरलेली जोडी होती. ती दोन तरुणींच्या रूपानं या फलकावर येऊन बसली आहे.

आणि विजय मिळवून, हेही महत्त्वाचं. रोमनांच्या लेखी शांती म्हणजे सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवणं नव्हे. समोरच्यानं ठेवली, आपण जिंकलो, म्हणजे शांती. म्हणून शेजारच्या फलकावरची रोमा शस्त्रांच्या राशीवर बसली आहे. दाराच्या एका बाजूला कारण आणि दुसऱ्या बाजूला परिणाम असं ते वाचायचं. स्पेनच्या डोंगरांतल्या टोळ्यांना ही शांती कशी वाटली असेल याचा मागमूस वेदीवर नाही.

शेतीशी नातं असलेल्या माणसाला या फलकात आणखी एक गोष्ट खटकायला हवी. पीक आहे, पण नांगर नाही. गाय आहे, पण जू नाही, आणि ती राखणारा गुराखीही नाही. इटलीतली मोठाली शेतं त्या काळात बऱ्याच प्रमाणात गुलाम कसत होते. इथे धान्य आपोआप उगवतं, फळं मांडीवर येऊन पडतात. जमिनीच्या सुपीकतेचं एवढं देखणं चित्र काढलं आणि त्यात राबणारा एकही हात नाही. ज्या इटलीत दोन-तीन दशकांपूर्वी बळजबरीनं शेतं वाटली गेली होती, तिथे ही निवड निरागस म्हणता येत नाही.

वेदी पुढे हळूहळू जमिनीत गेली. टायबरच्या पुरांचा गाळ आणि शहराचा राडारोडा यामुळे त्या भागाची पातळी सतत वर चढत राहिली. वेदी पूर्ण विसरली गेली आणि तिच्या डोक्यावर राजवाडा उभा राहिला. १५६८ मध्ये त्या वाड्याच्या खाली कोरीव संगमरवराचे मोठाले ठोकळे निघाले. हे कशाचे, कुणालाच माहीत नव्हतं. एका कार्डिनलनं ते विकत घेतले, वाहून न्यायला सोपे जावेत म्हणून करवतीनं कापले आणि बरेचसे फ्लॉरेन्सला टस्कनीच्या सत्ताधीशाकडे पाठवले. आपली देवी त्यात होती. पुढची तीनशेहून अधिक वर्षं ती फ्लॉरेन्समध्येच राहिली. १७८४ मध्ये फ्रान्चेस्को कार्रादोरी या शिल्पकारानं तिची दुरुस्ती केली. त्या काळी दुरुस्ती म्हणजे तुटलेला भाग नव्यानं कोरून जोडणं. त्यामुळे एखाद्या बारकाव्यावरून देवीचं नाव ठरवताना तो बारकावा इ.स.पू. ९ चा की १७८४ चा, हे आधी तपासावं लागतं.

१८५९ मध्ये त्याच वाड्याखाली आणखी तुकडे मिळाले. पण हे सगळं ऑगस्टसच्या शांतीवेदीचं आहे, हे ओळखलं १८७९ मध्ये फ्रीडरिश फॉन डून या जर्मन अभ्यासकानं. म्हणजे पहिले दगड बाहेर आल्यावर तब्बल तीनशे वर्षांनी. १९०३ मध्ये पद्धतशीर खोदकाम सुरू झालं, पण खड्ड्यात पाणी भरत राहिलं आणि वाड्याचा पाया धोक्यात आला, म्हणून ते थांबवावं लागलं.

खरी अडचण तीच होती. वेदी भूजलाच्या पातळीखाली रुतलेली, आणि वर वाड्याचं ओझं. पाणी उपसलं तर पाण्याबरोबर मातीही सरकणार आणि वाडा खचणार. नाही उपसलं तर खोदता येणार नाही. १९३७ मध्ये यावर जे उत्तर निघालं ते आजही वाचताना थक्क व्हायला होतं. त्यांनी जमीनच गोठवली. आधी वाड्याच्या भिंतींचा भार काँक्रीटच्या टेकूवर घेतला. मग खोदायच्या जागेभोवती जमिनीत नळ्या ठोकल्या आणि त्यांतून कार्बन डायऑक्साइड वापरून अतिथंड प्रवाह फिरवला. भोवतालच्या ओल्या मातीतलं पाणी गोठलं आणि जागेभोवती बर्फाळ मातीची भिंत तयार झाली. पाणी तिला ओलांडू शकत नव्हतं. आतला भाग मग कोरडा करून उरलेली वेदी काढता आली. पुरातत्त्वज्ञ होते जुझेप्पे मोरेत्ती.

एवढी घाई आणि एवढा खर्च यामागे मुसोलिनी होता. ऑगस्टसच्या जन्माला दोन हजार वर्षं पूर्ण होत होती आणि आपण दुसरे ऑगस्टस आहोत हे त्याला जगाला दाखवायचं होतं. फ्लॉरेन्सहून फलक परत आणले, नवे-जुने तुकडे जुळवले आणि मूळ जागेपासून काहीशे मीटरवर, ऑगस्टसच्या समाधीशेजारी, बालिओ मोरपुर्गो या वास्तुरचनाकाराच्या मंडपात वेदी उभी केली. उद्घाटन २३ सप्टेंबर १९३८ ला, ऑगस्टसच्या वाढदिवशी. शांतीच्या वेदीचा असा सोहळा करणारं सरकार दोन वर्षांच्या आत महायुद्धात उतरलं. तो मंडप पुढे पाडला आणि रिचर्ड मायर या अमेरिकी वास्तुरचनाकाराचं आजचं संग्रहालय २१ एप्रिल २००६ ला उघडलं. जुन्या रोमच्या मधोमध इतकी पांढरीशुभ्र आधुनिक इमारत आल्यानं बरीच आरडाओरड झाली. मला विचाराल तर देवीला तिथे छान उजेड मिळतो आणि उठावशिल्पाला उजेडासारखं दुसरं काही लागत नाही.

वेदीचा पांढरेपणा मात्र खरा नाही. मूळ वेदी रंगवलेली होती, जशी बहुतेक ग्रीक-रोमन शिल्पं असत. रंग पार उडून गेल्यामुळे नेमक्या छटा ठरवणं कठीण आहे. संग्रहालयानं अंदाजानं ठरवलेले रंग रात्री प्रकाशझोतानं दगडावर पाडून दाखवण्याचे प्रयोग केले आहेत. त्यात देवीचं वस्त्र, लोंब्या, पाणी वेगवेगळं दिसू लागतं आणि पांढऱ्यावर पांढरं असताना नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी कळतात.

तिथे जाणार असाल तर काही व्यावहारिक सूचना. जोडताना वेदी मूळ दिशेपासून काटकोनात फिरवली गेली. पुस्तकात पूर्व-पश्चिम वाचून गेलात तर गोंधळ होईल. आत शिरल्यावर समोर पायऱ्या आणि एनियास दिसतो, म्हणजे मूळची पश्चिम. देवी पाहायला वळसा घालून मागे जा. गर्दी पुढेच जास्त असते, मागे निवांत पाहता येतं. मिरवणुकीतला एक भाग प्लास्टरची प्रत आहे, मूळ लूव्हरनं दिलेला नाही. फलकाच्या खालच्या बाजूला वेलबुट्टीचा मोठा पट्टा आहे, तो घाईत सोडू नका. त्या वेलींत सरडे, बेडूक, पक्ष्याचं घरटं आणि घरट्याकडे सरपटणारा साप आहे. इथली सुबत्ता वरच्या फलकापेक्षा थोडी कमी गोडगोड आहे.

आणि संग्रहालय बंद असलं तरी रिपेत्ता रस्त्याच्या बाजूची भिंत रस्त्यावरून दिसते. मुसोलिनीच्या मंडपातली तेवढी एकच गोष्ट मायरनं राखली. तिच्यावर ऑगस्टसचा तो अख्खा लेखाजोखा मोठ्या लॅटिन अक्षरांत कोरलेला आहे. बारावं कलम या वेदीचं, तेरावं जॅनसच्या दरवाजांचं, आणि एकतिसाव्या कलमात ऑगस्टस सांगतो की भारतातल्या राजांकडून त्याच्याकडे अनेकदा वकील आले. लॅटिन येत नसेल तरीही शेवटाकडे ‘इंडिया’ हा शब्द शोधता येतो.